पाच नंबरचं गिऱ्हाईक

मंगळवारी सकाळी अकराला आमच्या कॉफीशॉपमध्ये असते तेवढीच गर्दी त्या दिवशीही होती. मार्केटातून भाजी घेऊन परतणाऱ्या बायका टेबलांवर पिशव्या ठेवून जागा अडवत होत्या, दोन टॅक्सीवाले एकाच पेपरची पानं वाटून वाचत होते आणि तिओच्या स्टॉलपुढे रांग लागली होती. तिओकडचे माशाच्या गोळ्यांचे नूडल्स खायला लोक दोन-दोन बस बदलून येतात. स्टॉलच्या काचेवर वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलेलं आहे: 'तीन पिढ्यांच्या हाताची चव'. फोटोत बून कियाट तिओ झारा धरून उभा आहे आणि शेजारी त्याची आई, नवा ब्लाउज घालून. ही तिसरी पिढी कुठली ते त्यांनाच ठाऊक. स्टॉल मुळात त्याच्या चुलत्याचा. बून कियाट वीस वर्षांपूर्वी मलेशियातल्या मुआरहून सिंगापूरला आला तेव्हा त्याला मासा साफ करता येत नव्हता, आणि आजही येत नाही.

मासा साफ करायची ती त्याची बायको थोआ. काटे काढायचे, दळायचं, मीठपाणी घालून लगदा परातीवर आपटायचा, आपटून आपटून त्याला चिकटपणा आणायचा, मग मुठीतून एकेक गोळा पिळून पाण्यात सोडायचा, हे सगळं ती करायची. फोटोत मात्र ती नाही. फोटोवाला आला तेव्हा तिला पाच नंबरच्या टेबलावर बसवलं होतं, पुढ्यात वाडगा देऊन.

हे पाच नंबरचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण त्यात मीही होते. मी लान. चहा-कॉफीचा काउंटर माझा, अगदी तोंडाशी, जिथून रस्ता आणि गाड्या लावायची जागा दोन्ही दिसतात. तपासणीवाले येताना दिसले की मी ओरडायचे, "पाच नंबरला बर्फाचं पाणी!" लगेच थोआ एप्रन आणि टोपी फ्रीजमागे टाकायची, मागून वळसा घालून पाच नंबरला येऊन बसायची आणि तिची सासू तिच्यापुढे नूडल्सचा वाडगा ठेवायची. साहेबलोक फेरी मारून जाईपर्यंत थोआ गिऱ्हाईक. दुपारी तीनच्या आत गरम घास तिच्या पोटात जायचा तो एवढाच, आणि तोही जीव मुठीत धरून. पण आमची सगळ्यांची समजूत अशी की आपण तिच्यावर केवढे उपकार करतोय! "बिचारीला सांभाळून घेतो आपण," असं आम्ही एकमेकांना सांगायचो. सांगायला काय जातंय?

आमच्याकडे माणसाची पायरी कार्डाच्या रंगावर ठरते. माझं कार्ड गुलाबी, म्हणजे मी नागरिक. बून कियाट आणि त्याची आई, दोघांचं निळं, म्हणजे कायमचे रहिवासी. थोआकडे कार्ड नाही, नुसता पास. तो वर्षा-वर्षाचा, आणि नवऱ्याने सही केली तरच मिळणारा. गुलाबीवाले निळ्यांकडे नाक मुरडून बघतात, निळेवाले पासवाल्यांकडे, आणि आपल्या खाली कोणीतरी आहे या आनंदात सगळे सुखाने जेवतात.

थोआ व्हिएतनामची, व्हिन्ह लाँगकडच्या नदीकाठच्या गावातली. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिच्या पासावर इथे राहता येतं, काम करता येत नाही. करायचं तर मालकाने अर्ज करून परवानगीचं पत्र काढायचं. अर्ज काही डोंगर उपसण्याइतका अवघड नाही. पण अर्जात पगाराचा आकडा लिहावा लागतो, आणि तिथेच तिओ मंडळींच्या पोटात दुखायचं.

"घरच्या माणसाला पगार कसला गं?" थोआची सासू, तिओ आंटी, माझ्या काउंटरवर कोपर टेकून विचारायची. "मी सासूच्या घरात चाळीस वर्षं राबले. मला कोणी दिला पगार? आणि नवीन वर्षाला देते की मी तिला पैशांचं लाल पाकीट! वर मुलीचं दूध, कपडे, सगळं आमचंच."

आजूबाजूच्या बायका माना डोलवायच्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणी अशाच राबल्या होत्या. त्यातून त्या एवढंच शिकल्या की आता दुसरीची पाळी.

तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या ब्लॉकमधल्या बेकरीची मालकीण थोआला कामावर घ्यायला तयार झाली. पत्रही तीच काढणार होती. थोआने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. तेव्हा काय झालं ते तिनेच मला पुढे सांगितलं.

"बेकरीत?" सासूने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "तिओंच्या सुनेने लोकांच्या दुकानात पाव विकायचे? लोक म्हणतील, तिओ सुनेच्या कमाईवर जगतात!"

"मग आपल्या स्टॉलसाठी तरी पत्र काढा ना, आई," थोआ म्हणाली. "साहेब आले की मला धडकी भरते. पकडलं तर मला परत पाठवतील. लेक एन ची इथे राहील आणि मी तिकडे."

बून कियाटने मोबाइलमधून मान वर केली नाही. "पत्र हातात पडलं की तुला पंख फुटतील. आणि काम कुठे करतेस गं तू? घरच्यांना हातभार लावतेस. त्याला काम म्हणत नाहीत."

तो मनापासून बोलत होता, हीच त्यातली मेख. सुनेच्या हातून होतं ते काम नव्हेच, अशी या लोकांची पक्की खात्री. पण काम नव्हतं, तर तपासणीवाले दिसले की तिला लपवायचं कशाला? एवढा साधा प्रश्न सहा वर्षांत त्या कॉफीशॉपमध्ये एकालाही पडला नाही, मलाही नाही.

पास नवा करायची तारीख आली की बून कियाटची खरी ऐट सुरू व्हायची. अर्ज छापून तो पँटच्या मागच्या खिशात घडी करून ठेवायचा आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत सही करायचा नाही. रस्सा खारट झाला की खिशावर थाप. थोआने आईला फोन जरा लांबवला की खिशावर थाप. त्या दिवसांत थोआ घरात पावलं न वाजवता चालायची. आणि हाच गृहस्थ स्वतःच्या निळ्या कार्डाच्या कामाला ऑफिसात जायचा तेव्हा उधारीचा टाय लावून जायचा, खिडकीतल्या पोरसवदा कारकुनाला वाकून वाकून 'सर, सर' करायचा. बाहेर शेळी आणि घरात वाघ, असले बहाद्दर आमच्याकडे प्रत्येक ब्लॉकमध्ये सापडतील.

एप्रिलमध्ये, सकाळी सातच्या सुमारास, थोआचा उजवा हात मासा दळायच्या मशीनमध्ये गेला. मशीनच्या तोंडावरचं लोखंडी झाकण बून कियाटने दोन महिन्यांपूर्वीच काढून टाकलं होतं, कारण त्याने मासा सावकाश जायचा. मी किंकाळी ऐकून धावले. बून कियाट पांढराफटक पडून भिंतीला टेकला होता. मशीन थोआनेच डाव्या हाताने बंद केलं होतं. तिओ आंटी मात्र तयारीची. तिने पहिली गोष्ट काय केली असेल? सुनेच्या पाठीमागे जाऊन एप्रनची गाठ सोडली. रक्त धारेने वाहतंय, आणि ही बाई एप्रन काढून घेतेय!

"अँब्युलन्स बोलावते," मी म्हणाले.

"खबरदार, लान! अँब्युलन्सवाले शंभर प्रश्न विचारतात. टॅक्सी बघ." मग सुनेच्या कानाशी वाकून म्हणाली, "घरी भाजी चिरताना कापलं, असंच सांगायचं. कळलं का? नाहीतर तुझा पास जाईल. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

मी टॅक्सी बघितली. सीटवर रक्त लागू नये म्हणून खाली घालायला माझ्याकडची प्लॅस्टिकची पिशवीही दिली. टॅक्सीवाल्याचं नुकसान होऊ नये याची केवढी ती काळजी मला!

हॉस्पिटलात डॉक्टरने जखम बघितली, थोआकडे बघितलं. "भाजी चिरताना?" त्याने दोनदा विचारलं. नवरा शेजारी उभा होता. थोआने दोनदा मान हलवली. मधलं बोट आणि अंगठीचं बोट गेलं. घरी घडलेला अपघात म्हणून कामगाराची भरपाई नाही, विमा नाही, काहीच नाही. तीन आठवड्यांत ती बँडेज बांधलेल्या हाताने स्टॉलवर हजर झाली, डाव्या हाताने वाडगे गोळा करायला. गोळे वळायला आता आंटीला बसावं लागलं. ते कडक व्हायला लागले, आणि गिऱ्हाइकं कुरकुरली तेव्हा आंटीने सुनेकडे असं बघितलं, जणू बोटं तिने मुद्दाम दडवून ठेवली आहेत.

त्याच सुमाराला बालवाडीत मुलांना विचारलं, तुमच्या घरी कोण काय करतं? एन ची पाच वर्षांची, चुणचुणीत. ती म्हणाली, बाबा नूडल्स करतात, आजी गोळे करते. आणि आई? "आई काही करत नाही. आई बसून खाते."

टीचरने थोआला हे हसत हसत सांगितलं, आणि थोआही तिच्यासमोर हसली. घरी येऊन तिने मुलीला जवळ घेतलं. "असं कोणी सांगितलं तुला?"

"आजीनं. कोणी विचारलं तर असंच सांगायचं. पण खरंच आहे ना? मी बघितलंय. पाच नंबरला."

पोरीचं काय चुकलं? तिने जे बघितलं ते सांगितलं. थोआ मला पुढे म्हणाली, "आंटी, बोटं गेली तेव्हा एवढं दुखलं नव्हतं."

मग तो मंगळवार उजाडला. पासाची मुदत संपायला सोळा दिवस होते आणि अर्ज बून कियाटच्या खिशात होता. अकरा वाजता एक पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून दोघं जण उतरले, एक तरुण पुरुष आणि चाळिशीची, डोक्याला फिकट निळा स्कार्फ बांधलेली अधिकारी बाई. छातीवर नावाची पट्टी होती, नूराइनी. कोणी कळवलं होतं ते आजही ठाऊक नाही. हॉस्पिटलातून असेल, बालवाडीतून असेल. मी कळवलं नव्हतं एवढं खरं, आणि ते काही मिरवण्यासारखं नाही.

मी ओरडले, "पाच नंबरला बर्फाचं पाणी!"

थोआ येऊन बसली. वाडगा आला. बँडेजच्या हाताने चॉपस्टिक धरता येत नव्हत्या, म्हणून आंटीने चमचा दिला. नेहमीचे साहेब टेबलांमधून एक चक्कर मारून निघून जायचे. नूराइनीबाई सरळ पाच नंबरला आल्या आणि खुर्ची ओढून थोआच्या समोर बसल्या.

"इथे नेहमी येता जेवायला?"

बून कियाट झारा टाकून पळत आला. "माझी बायको आहे मॅडम. भेटायला येते, जेवते, जाते. घरीच असते ती."

"मी यांना विचारतेय. हाताला काय झालं?"

"घरी भाजी चिरताना..."

"मिस्टर तिओ, तुम्हाला नाही विचारलं."

बून कियाटने तोंडभर हसू आणलं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मागच्या खिशावर हळूच थाप मारली. "थोआ, मॅडमना नीट सांग हं. या महिन्यात पासची तारीख आहे, लक्षात आहे ना? मला सही करायचीय."

इतक्या गोड आवाजात धमकी देता येते हे त्या दिवशी सगळ्या कॉफीशॉपने ऐकलं. टॅक्सीवाल्यांनी पेपर वर धरले. बायका भाजीच्या पिशव्यांत काहीतरी शोधायला लागल्या.

थोआने चमचा ठेवला आणि वाडगा टेबलाच्या मधोमध सरकवला. "मी गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. "मी इथे काम करते. सहा वर्षं झाली, रोज पहाटे पाचपासून. हा हात त्या मागच्या मशीनमध्ये गेला. झाकण यांनी काढलं होतं. भाजी मी चिरत नव्हते."

"गप्प बस!" आंटी स्टॉलमधून किंचाळली. "औषधाच्या गुंगीत बरळतेय मॅडम ती. काही समजत नाही तिला!"

नूराइनीबाईंनी वही उघडली. आवाज सौम्य होता, पण शब्द सौम्य नव्हते. "परवानगी नसताना काम करणं हा तुमचाही गुन्हा आहे. पास जाऊ शकतो. माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मुलगी आहे ना तुम्हाला?"

"आहे." थोआने बँडेजचा हात टेबलावर ठेवला. "ती म्हणते, आई बसून खाते. मॅडम, मला परत पाठवलंत तर पाठवा. पण माझ्या मुलीला कळू दे, मी काम करत होते. माझं काम होतं ते."

मग बाई माझ्या काउंटरपाशी आल्या. "आंटी, तुमचा काउंटर अगदी समोर आहे. यांना काम करताना पाहिलंय?"

त्यांच्या पाठीमागे कॉफीशॉपचे मालक क्वेक उभे होते. सकाळीच ते मला म्हणाले होते, "लान, तुझा करार डिसेंबरला संपतोय बरं का." अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे. माझं वय एकसष्ट. नवरा नाही. या काउंटरशिवाय मला दुसरं काही नाही. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी म्हणाले, "मॅडम, मला कॉफी गाळण्यातून मान वर करायला फुरसत नसते."

थोआने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. माझ्याकडून तिने दुसरी अपेक्षाच ठेवली नव्हती.

बाकीच्यांनीही तेच केलं. कोणाला चष्मा लागला होता, कोणी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसायचा. सहा वर्षं तिच्या हातचं चापून खाल्लेले लोक, एकालाही तिचा हात दिसला नव्हता.

दोन दिवसांत बून कियाट ऑफिसात जाऊन लिहून देऊन आला की या बाईची जबाबदारी माझ्यावर नाही. पास रद्द झाला. एन चीचे सगळे कागद बापाच्या नावावर, ती त्याच्याकडेच राहिली. थोआला चौकशी संपेपर्यंत राहायचा एक तात्पुरता कागद मिळाला आणि एका धर्मादाय संस्थेच्या निवाऱ्यात खाट मिळाली. तिच्या बाजूने एकही साक्ष नव्हती. मशीनला नवंकोरं झाकण बसलं होतं. कोणी हमी घेतली नाही, तर महिन्याभरात तिला देश सोडावा लागणार होता. तिओ आंटी गिऱ्हाइकांना सांगत होती, "परकी ती परकीच. पोटच्या पोरीला टाकून चालली बघा."

आणि आमच्या बायका, त्याच त्या, माना डोलवत होत्या.

रविवारी थोआ आली. तिओचा स्टॉल रविवारी बंद असतो, म्हणूनच आली असणार. माझ्या काउंटरपुढे उभी राहून तिने एक दूधवाली कॉफी मागितली. मी पैसे नको म्हणाले. तिने डाव्या हाताने मोजून ठेवले.

"एन ची इकडे येते का, आंटी?"

"येते दुपारी. आजीबरोबर."

"जेवते का? तिला काटा लागतो घशात. आजीला चष्म्याशिवाय काटे दिसत नाहीत."

"मी बघते हं," मी म्हणाले.

ती कॉफी पिऊन निघून गेली. मला एक शब्द वाकडा बोलली असती तर मी दोन बोलले असते आणि आमचं फिटलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही. 'मी बघते' म्हणाले मी, तिच्या मुलीच्या घशातले काटे! जिला समोरची जितीजागती बाई सहा वर्षं दिसली नाही ती काटे बघणार! माझी मलाच शिसारी आली. तिओंची मी इतकी वर्षं मनातल्या मनात टर उडवायचे. पण ते निदान स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलत होते. मी लोकांच्या फायद्यासाठी फुकट ओरडत होते.

सोमवारी मी काउंटर उघडला नाही. क्वेकसाहेबांचा फोन आला. "दुकान बंद का?"

"ऑफिसात चाललेय. थोआची साक्ष द्यायला."

"विचार करून जा, लान. डिसेंबर..."

"तुमचा डिसेंबर घाला चुलीत," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आयुष्यात मालकाशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ. मग जाऊन बस पकडली.

नूराइनीबाईंनी माझं म्हणणं दोन तास लिहून घेतलं. थोआ किती वाजता यायची, कुठे उभी राहायची, एप्रन कोणी सोडला, टॅक्सी कोणी आणली. आणि पाच नंबरला बर्फाचं पाणी कोण मागायचं, तेही.

"हे सांगून तुम्ही स्वतःलाही अडकवताय, आंटी," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हणाले.

चौकशी अजून चालू आहे. भरपाईचा दावा दाखल झालाय. एका वकीलबाईंनी दर रविवारी चार तास मुलीला भेटायचा हुकूम मिळवून दिलाय. पण त्यासाठी थोआला इथे राहायला हवं, आणि राहायचं तर कोणा नागरिकाने हमी घ्यायला हवी. म्हणून हुकूम मिळाला त्याच दिवशी थोआला घेऊन मी त्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावरच्या खिडकीशी गेले आणि तो अर्ज मागितला. खिडकीतल्या मुलीने माझं गुलाबी कार्ड बघून रकाने भरले. नाव, पत्ता, धंदा. मग एका रकान्यावर पेन ठेवून तिने विचारलं, "अर्जदाराशी नातं?"

"नातं नाही."

"काहीतरी लिहावं लागतं आंटी. मैत्रीण लिहू?"

थोआ माझ्या शेजारीच उभी होती, बँडेजचा हात पोटाशी धरून. मी तिच्याकडे बघितलं नाही. मैत्रीण म्हणवून घ्यायची माझी लायकी नव्हती.

"शेजारीण लिही," मी म्हणाले. "सहा वर्षं समोर होते, पण कधी पुढे झाले नाही. तेवढं सगळं तुझ्या रकान्यात मावायचं नाही. शेजारीणच लिही."